नळीतली वस्ती

"ऊन काय तुमच्यासाठी थांबून राहणार आहे?" नर्मदाबाई पुटपुटल्या, नवऱ्याला ऐकू जाईल इतक्याच हळू. "एका पिसाला किती निरखायचं! सोयरीक जमवायची आहे का त्याची?"

मल्हारराव हसले. धारच्या दरबारात महाराजांच्या दसऱ्याच्या पागोट्याचा तुरा बांधण्याचं काम त्यांच्याच घराकडे होतं. पिसं तळ्याकाठच्या बगळ्यांची, आपण होऊन गळालेली. बांधण्याआधी प्रत्येक पिसाचं देठ ते उन्हासमोर धरत. नळी काचेसारखी दिसली तर ठीक; पिठूळ दिसली तर आत किड्यांनी संसार केलेला. बगळा आभाळभर हिंडे, आणि हे जीव त्याच्या पिसाच्या नळीत जन्मून तिथंच म्हातारे होत.

"आपल्यासारखंच की," नर्मदाबाई म्हणत. "माहेरचं मनावर गाव सोडलं, नि ही ओसरी."

तसलं पीस दोऱ्याचा ताण सोसत नसे. आज ना उद्या उभं चिरे.

अलीकडे मल्हाररावांना सगळीच पिसं साफ दिसत. दुपारी ते आडवे झाले की सून इंदिरा पिठूळ पिसं काढून टाकी, बांधलेलं सोडवून पुन्हा बांधी. सासू दाराशी बसून राही. यावर घरात कधी बोलणं झालं नव्हतं.

आज मात्र जामदारखान्याचे जयसिंगराव सकाळीच येऊन ओसरीवर बसले.

"काकासाहेब, जरा जल्दी करा. तुरा घेऊनच ये, असा हुकूम आहे. उद्या मिरवणुकीत महूचा फोटोवाला येतोय."

मल्हाररावांनी सर्वांत लांब पीस उचलून उन्हात धरलं. देठात पीठ दाटलेलं. जयसिंगरावांनाही ते दिसलं. ते अंगठी फिरवत बसले.

"साफ! बघा, आरपार."

"हां... एकदम साफ."

"सरबत करू का?" नर्मदाबाईंनी घाईनं विचारलं.

मल्हाररावांनी जरीचा दोरा दातांत धरला. दाराआड इंदिरा उभी होती. उद्या हत्तीवर, साऱ्या गावासमोर तुरा मोडला, तर लोक मल्हाररावांचंच नाव घेणार होते. लग्न होऊन आल्यापासून परक्यांसमोर ती कधी ओसरीवर आली नव्हती. ती डोईवरचा पदर सावरत बाहेर आली आणि सासऱ्यांच्या हातातलं पीस तिनं हलकेच काढून घेतलं.

"मामंजी, राहू द्या. तुम्हांला दिसत नाही."