अंगठ्याखालचा फोटो

अनुक्रमणिकेचं पान म्हणजे मासिकाचा आत्मा, आणि आत्म्याची मांडणी करणाऱ्या माणसाला कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही, असं मांडणीकार वर्षानुवर्षं सांगत आला होता. ऐकायला सहसा कोणी नसे. त्या दुपारी मात्र एक श्रोता मिळाला होता, आणि त्याने मांडणीकाराच्या उजव्या हाताची चार बोटं कागद कापायच्या यंत्राच्या पात्याखाली दाबून धरली होती.

श्रोता होता ड्रमवाला. या संगीत-मासिकाच्या ताज्या अंकात दोन भावांच्या बँडवर लेख आला होता. थोरला गायचा, धाकटा ड्रम वाजवायचा. अनुक्रमणिकेच्या पानावर वरचा अर्धा भाग थोरल्याने व्यापला होता: डोळे मिटलेले, माईक ओठांशी, केस उडालेले. त्याखाली लेखांची यादी. आणि अगदी तळाला, उजव्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकोनात धाकटा. ओठ घट्ट मिटून समोर बघत, पोलिसांनी ओळख पटवायला उभा केल्यासारखा.

तो जिना चढून आला तोच हातातला अंक गुंडाळून. आल्या आल्या त्याने कपाटाची काच फोडली, प्रिंटरला लाथ घातली आणि 'अनुक्रमणिका कोण करतं?' असं विचारलं. मांडणीकाराने अभिमानाने हात वर केला. तोच हात आता पात्याखाली होता.

संपादक, म्हणजे मांडणीकाराच्या बायकोचे थोरले बंधू, आवाज ऐकून मदतीला धावले होते. पण वाटेत स्वच्छतागृह लागलं. ते आत गेले आणि त्यांनी कडी घातली.

"आईला पान दाखवलं," ड्रमवाला म्हणाला. "तिने चष्मा लावला. दादाला लगेच ओळखलं. मग मला विचारते, हा खाली कोण रे, सामान उचलणारा का? सख्ख्या आईने, कलाकारसाहेब." त्याने मोकळ्या हाताने टेबलावरची प्लॅस्टिकची फूटपट्टी उचलली, बोटांच्या अलीकडे, पात्याच्या बिजागरीजवळ ठेवली आणि पातं जरासं दाबलं. फूटपट्टीचा तुकडा खिडकीपर्यंत उडाला. "आता सांग, मला खाली का टाकलं. मुद्दा पटला की एक बोट सोडतो. नाही पटला, तर ठेवून घेतो."

खरं उत्तर एका ओळीचं होतं. पण ते ऐकून पात्यावरचा हात हलका होईल असं मांडणीकाराला वाटेना. शिवाय एका ओळीच्या उत्तरासाठी माणूस आयुष्यभर पानांचा अभ्यास कशाला करतो?

"खाली नाही टाकलं," तो म्हणाला. "शेवटी ठेवलंय. वाचकाची नजर पानावर डावीकडून वर शिरते, तिरकी उतरत येते आणि उजव्या कोपऱ्यात थांबते. तिथे तुम्ही आहात. वरचा फोटो म्हणजे नुसतं दार. दारात कोणी मुक्काम करत नाही."

ड्रमवाल्याने अंक उलगडला आणि मान तिरकी उतरवून पाहिली. पुन्हा एकदा उतरवली.

"करंगळी काढ."

करंगळी बाहेर आली. मांडणीकाराच्या अंगात थोडी धुगधुगी आली.

"दुसरं, तुमच्याभोवतीची कोरी जागा. दादांच्या फोटोवर मासिकाचं नाव आहे, महिना आहे, किंमत आहे. गर्दी आहे नुसती. तुमच्या शेजारी अक्षर नाही. वजनदार माणसाजवळ कोणी चिकटून उभं राहतं का?"

"हे मला कधी सुचलं नव्हतं," ड्रमवाला हळूच म्हणाला. अनामिका सुटली.

"छान चाललंय, जावईबापू," स्वच्छतागृहातून आवाज आला. "असंच सावकाश समजावून सांगा."

इथे मांडणीकाराने घाई केली. "मासिक हातात घेऊन बघा ना," तो म्हणाला, "म्हणजे पटेल."

ड्रमवाल्याने मासिक हातात घेतलं, लोक घेतात तसं. आणि त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला. त्याचा उजवा अंगठा बरोबर त्याच्या फोटोवर बसला होता. तिकीट पूर्ण झाकलं गेलं होतं.

"मी अंगठ्याखाली आहे," तो म्हणाला.

त्याने मांडणीकाराच्या कानाखाली अशी काढली की चष्मा कपाटाच्या काचांत जाऊन पडला. मग केस धरून त्याचं कपाळ टेबलावर आपटलं. सुटलेली दोन्ही बोटं पुन्हा आत गेली आणि पातं इतकं खाली आलं, की मधल्या बोटाच्या नखाशी रक्ताचा थेंब फुगला.

"देशात जेवढे वाचक, तेवढे अंगठे माझ्या तोंडावर. हे तुला ठाऊक होतं."

"होतं," मांडणीकार ओरडला. नाकातून रक्त येत होतं, पण बुद्धी कधी नव्हे ती सपासप चालत होती. "म्हणून तर ठेवलं. पान उलटायचं तर वाचकाला तुम्हाला हात लावावाच लागतो. दादांना सगळे लांबून बघतात. त्यांना हात कोण लावतं? सबंध मासिक उलटतं ते तुमच्या जोरावर. ड्रमच्या जोरावर गाणं पुढे सरकतं तसं."

अंगठा उचलून ड्रमवाल्याने फोटो पाहिला, पुन्हा ठेवला. डोळ्यांत पाणी आलं.

"तर्जनी काढ," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "ती दोन पण काढ. मधलं राहू दे. तेवढं हे आईला कसं सांगायचं, ते सांग, मग तेही काढ."

नेमका तेव्हाच थोरला दारात आला. धाकट्याला आवरायला आला होता, आणि बराच वेळ जिन्यात उभा असावा.

"मी नुसतं दार का?" त्याने विचारलं.

"दादा, तू यात पडू नकोस."

"मला कोणी हात लावत नाही का? बारक्या, अरे जन्मापासून माझ्या मागे बसून बडवतोयस. लोकांना तुझं तोंड दिसू नये म्हणूनच मागे बसवलंय तुला."

बारक्या हे नाव त्या देहाला शोभत नव्हतं आणि आवडतही नव्हतं. धाकट्याने जवळचं स्टूल उचलून थोरल्याच्या तोंडावर हाणलं. दोन दात बाहेर आले, पुढचेच. थोरल्याने तुटक्या प्रिंटरचा ट्रे उपसला आणि त्याच्या कडेने धाकट्याचं नाक मोडलं. मग धाकट्याने थोरल्याच्या पोटात डोकं घातलं, आणि दोघे सगळ्या वजनानिशी यंत्राच्या मुठीवर कोसळले.

मांडणीकार पात्याखाली अडकलेलं मधलं बोट ओढतच होता. पातं खाली आलं. आवाज फूटपट्टीपेक्षा कमी झाला. मधल्या बोटाचं टोक, नखाच्या अर्ध्यापर्यंतचं, पात्याच्या पलीकडे नीट सरळ कडेने कापलेलं पडलं होतं. मांडणीकाराने आधी ती कड पाहिली आणि मग ओरडला. भावांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ते एकमेकांची डोकी कपाटावर आपटण्यात गुंतले होते, आणि आत्ताच मदतीला पोचल्यासारखे स्वच्छतागृहातून बाहेर आलेले संपादक त्यांच्या अंगावरून उडी मारून पुढे झाले. त्यांनी हाताला लागेल त्या कागदात टोक गुंडाळलं. तो कागद अनुक्रमणिकेचाच निघाला.

दवाखान्यात टोक बसलं नाही. भाऊ पलीकडच्या बाकावर पट्टीचं एकच बंडल वाटून घेत बसले होते. आई आली. तिने चष्मा लावून दोन सुजलेले चेहरे बराच वेळ पाहिले, आणि नर्सला विचारलं, माझी मुलं कुठे आहेत?

परतताना रिक्षात संपादकांनी मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी आतून सगळं ऐकलं. ते दार, ती नजर, तो अंगठा. इतकी वर्षं तुम्हाला नुसते रकाने आखणारे समजत होतो, चुकलंच माझं. पण खरंच एवढा विचार करून तो फोटो लहान ठेवलात?"

मांडणीकाराने बँडेजकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "त्याने ओळखपत्रावरचा फोटो मोबाईलवर काढून पाठवला होता. त्याहून मोठा केला की फुटत होता."