खुर्चीने सूर धरला

मी दातांच्या दवाखान्यातली खुर्ची बोलतेय. लगेच गालावर हात ठेवू नका, मी काही करत नाही. करतात ते डॉक्टर. मी फक्त माणसांना आडवं करते आणि बदनाम होते. ऑफिसात सगळ्यांवर डाफरणारे साहेब माझ्यावर बसले की कशी गरीब गाय होतात, ते मी रोज बघते.

कारखान्यात मला पाय लावले, पाठ बसवली, पोटात मोटर घातली. मोटर जरा आवाजी निघाली. पाठ वर-खाली होताना ती 'घूंऽऽ' करते. मोठ्या डॉक्टरांनी मला आणलं, वर्षानुवर्षं राबवलं. पुढे त्यांची मुलगी शिकून दातांची डॉक्टर झाली आणि इथेच काम करू लागली. तिला मी धाकटी म्हणते. जीभ तिची सगळ्या हत्यारांहून धारदार.

एक दिवस भिंगरी आली. सात-आठ वर्षांची पोर, स्वतःभोवती गोल फिरते म्हणून घरात हे नाव पडलेलं. ती स्वमग्न आहे, बोलत नाही, असं आईने सांगितलं. हल्ली ती जेवत नव्हती, झोपत नव्हती आणि स्वतःच्याच गालावर थपडा मारून घेत होती. नातेवाईक म्हणाले, अशी मुलं असंच करतात. आईला ते पटेना. दात दुखत असेल तर? पण भिंगरी तोंडच उघडायची नाही. पेस्ट झोंबायची, म्हणून ब्रश दिसला तरी ती पळायची.

मोठ्या डॉक्टरांनी तिला माझ्यावर बसवलं आणि न सांगताच माझी पाठ खाली केली. पोरीला वाटलं, आपण पडतोय. तिने अशी लाथ झाडली की हत्यारांचा ट्रे थेट भिंतीवर. मोठे डॉक्टर म्हणाले, आईने हात धरायचे, नर्सने पाय, पाच मिनिटांचं काम आहे.

धाकटी मध्ये येऊन उभी राहिली. "बाबा, तुम्हाला दोघींनी दाबून धरलं तर तुम्ही आ कराल?"

"मी आयुष्यभर अशीच मुलं तपासलीत."

"म्हणूनच ती मोठी झाल्यावर दात पडले तरी इकडे फिरकत नाहीत."

मोठ्या डॉक्टरांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. उद्या तोंड उघडलं नाही तर मोठ्या रुग्णालयात नेऊन पूर्ण भूल द्यावी लागेल, एवढं मात्र त्यांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. आईचा चेहरा उतरला. साधी सुई टोचताना लेकीचे काय हाल होतात, हे तिने पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाकीचे पेशंट गेल्यावर धाकटीने मोठा दिवा बंद केला, हत्यारं कपाटात ठेवली आणि भिंगरीला म्हणाली, बस हवं तिथे. ती माझ्या पायाशी फरशीवर बसली. घरी कपडे धुवायचं मशीन लावलं की ही त्याला कान लावून बसते, असं आई सहज बोलून गेली. धाकटीने लगेच पायाने माझं बटण दाबलं.

घूंऽऽ.

भिंगरीने माझ्या पोटाला कान लावला. डोळे मिटले. आणि माझ्या सुरात सूर मिसळला, "आऽऽऽ". तोंड सताड उघडं!

धाकटी बॅटरी घेऊन फरशीवर पालथी झाली. पण माझी पाठ पूर्ण वर गेली, मोटर थांबली, आणि दुकानाचं शटर पडावं तसं भिंगरीचं तोंड मिटलं.

"बाबा, बटण तुम्ही सांभाळा. वर गेली की लगेच खाली."

"मोटर जळेल."

"जळू दे."

मोठे डॉक्टर पुटपुटत स्टुलावर बसले. वर, खाली, वर, खाली. त्यांचा पाय अवघडला, माझं पोट तापलं. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्याबरोबर गात होतं, मी कशी माघार घेणार?

मागची दुधाची दाढ काळी ठिक्कर पडली होती, हिरडी टम्म सुजली होती. थपडा बसायच्या त्याच गालाच्या आत.

"ती सांगत होती हो," आई म्हणाली. "रोज सांगत होती."

औषधाने सूज उतरल्यावर धाकटीने सुई न टोचता, नुसतं मलम लावून हिरडी बधिर केली आणि ती हलणारी दाढ तिथेच, फरशीवर बसून काढली. सूर माझा, बटण मोठ्या डॉक्टरांचं. भिंगरी पोटभर जेवू लागली, रात्रभर झोपू लागली, पुन्हा गरगर फिरू लागली. घरी आता मऊ ब्रश आहे, न झोंबणारी पेस्ट आहे, आणि आई स्वतः 'घूं' करते. शेजाऱ्यांना काय वाटायचं ते वाटो.

आता मी थकले. रेक्झिन फाटलंय, चिकटपट्टीवर दिवस काढतेय. परवा खुर्च्या विकणारा आला. नवी खुर्ची जराही आवाज करत नाही, असं त्याने छाती फुगवून सांगितलं.

"मग काय उपयोग तिचा?" मोठे डॉक्टर म्हणाले. "आम्हाला गाणारी हवी."

कधी ना कधी मी भंगारात जाईनच. जाण्याआधी मोठ्या माणसांनो, एक ऐका. लेकरू स्वतःला मारून घेत असेल तर 'असंच करतं ते' म्हणून हात झटकू नका. काही दुखतंय का, ते बघा. तोंडात बघा. ते आ करत नसेल तर त्याला दाबू नका, त्याच्याशेजारी फरशीवर बसा. कपडे मळतील. धुता येतात.