उघडल्याशिवाय अंदाज नाही

मिक्सर, पंखे, इस्त्र्या, पाण्याच्या मोटारी, घरात जे जे म्हणून फिरतं किंवा तापतं, ते बिघडलं की त्या रस्त्यावरची माणसं ते उचलून ‘डॉक्टर’कडे यायची. डॉक्टर म्हणजे दुरुस्तीच्या दुकानातला कारागीर. वय तिशीच्या आत, घरी बायको आणि वर्षाची मुलगी. दुकान मालकाचं होतं, पण गिऱ्हाईक डॉक्टरचं. त्याचा एक नियम होता आणि तो त्याने पुठ्ठ्यावर लिहून टेबलामागे टांगला होता: ‘उघडल्याशिवाय अंदाज नाही.’ कुणी दारातूनच विचारलं, “किती होतील हो साधारण?” की डॉक्टर मान हलवायचा. “आधी उघडू द्या. आत काय जळलंय ते दिसू द्या. वरून हात फिरवून सांगायला मी काय ज्योतिषी आहे?”

आणि हाच माणूस घरी टपालाने आलेली अकरा पाकिटं न उघडता ठेवून बसला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, म्हणतात ते असं.

बरं, पाकिटं नुसती कुठेतरी कोंबली असती तरी समजण्यासारखं होतं. पण नाही. दुकानात आलेल्या प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर तारीख टाकायची, मगच ती फळीवर जायची, अशी त्याची शिस्त. एकदा चिठ्ठी लागली की त्याच्या मनाला वाटायचं, काम सुरू झालं. तीच शिस्त त्याने घरी आणली. पाकीट आलं की त्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, आणि पाकीट कपाटावर, पंख्याच्या रिकाम्या खोक्यात. वर आणखी निवांत चहा प्यायचा, जसं काही अर्धं कर्ज फिटलं.

कर्ज चैनीचं नव्हतं, निदान सुरुवातीला तरी. मुलगी सहा आठवडे आधी आली, एवढीशी, आणि बावीस दिवस दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत राहिली. त्या पेटीचा रोजचा खर्च ऐकून डॉक्टरच्या पायाखालची जमीन सरकली. पतसंस्थेने कर्ज दिलं, पण जामीन मागितला. जामीन राहिली त्याची ताई. आई गेली तेव्हा हा नऊ वर्षांचा होता आणि ताई एकोणीसची, वडील त्याआधीच गेलेले. ती बसवर कंडक्टर म्हणून लागली आणि तिने याला वाढवलं. पतसंस्थेत त्या दिवशी तिने कागद वाचलासुद्धा नाही. “भाची पेटीत आहे माझी,” म्हणाली, “सही कुठे करू ते सांगा.”

मुलगी घरी आली, बाळसं धरू लागली, आणि डॉक्टरचे हात सैल सुटले. बाळंतिणीने गार पाण्यात लंगोट पिळायचे नाहीत, म्हणून कपडे धुण्याचं मशीन आलं, हप्त्यांवर. बाळाचे फोटो नीट यायला हवेत, म्हणून फोन आला, हप्त्यांवर. संध्याकाळी बसची वाट बघण्यात वेळ जातो, म्हणून मोटरसायकल. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण खरं होतं, हीच तर पंचाईत. बायको तेव्हा बिनपगारी घरी होती, म्हणजे पगार एकच. ती अधूनमधून विचारायची, तर हा म्हणायचा, “चाललंय व्यवस्थित. तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?” यात त्याला मोठा पुरुषार्थ वाटत होता. खरं तर तो घाबरला होता.

बायको गणवेशाच्या कारखान्यात कटर होती आणि तीन महिन्यांपूर्वी परत कामावर रुजू झाली होती. कापडाचे चाळीस थर एकावर एक टाकायचे, वर खडूने आखायचं, आणि एका दमात सुरी फिरवायची. रेघ चुकली की एक नाही, चाळीस सदरे वाया. त्यामुळे बाई बोलायला कमी आणि मापाला पक्की. त्या रविवारी दुपारी मुलीचे तोकडे झालेले कपडे ठेवायला तिला खोकं हवं होतं. स्टुलावर चढून तिने पंख्याचं खोकं खाली काढलं. ते रिकामं असायला हवं होतं.

डॉक्टर मुलीला मांडीवर घेऊन तिच्या खुळखुळ्याचं चाक नीट करत होता. बायकोने खोकं त्याच्यासमोर ठेवलं. एकेक पाकीट काढून फरशीवर मांडलं, तारखेप्रमाणे. चिठ्ठ्या वाचल्या. मुलगीही खुळखुळा विसरून दोघांकडे आळीपाळीने बघू लागली.

“ओरड की माझ्यावर,” डॉक्टर शेवटी म्हणाला.

“ओरडेन. नंतर.” तिने त्याच्या हत्यारांच्या डब्यातून बारका स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि त्याच्या हातात दिला. “उघडा, डॉक्टर.”

“अगं...”

“तुमच्याकडे उघडल्याशिवाय अंदाज नाही ना? मग उघडा. मी काय ज्योतिषी आहे?”

चालू तारेला बिनधास्त हात घालणाऱ्या त्या माणसाने पहिलं पाकीट फाडलं तेव्हा आतला कागदही कोपऱ्यात फाटला. बायकोने कारखान्यातला निळा खडू घेतला आणि फरशीवर तीन चौकोन आखले. एक पतसंस्थेचा, एक मशीन आणि फोनवाल्या दुकानाचा, एक मोटरसायकलचा. कागद निघेल तसा तो त्याच्या चौकोनात जाऊ लागला. आकडे ती चौकोनाच्या कडेला लिहीत होती. मुलगी रांगत आली आणि मोटरसायकलच्या चौकोनात बसली. तिला कुणी उठवलं नाही.

सहा पाकिटं झाली तेव्हा डॉक्टरला एक विचित्र गोष्ट जाणवली. आपण आता पाकिटं कडेने नीट उघडतोय. जळालेली मोटार उघडल्यावर वास सुटतो, वाईट वाटतं, पण निदान कुठली तार गेली ते कळतं, तसं काहीसं त्याला झालं. “हा दंड आहे,” तो सांगू लागला. “आणि हे दंडावरचं व्याज. मशीनचे चारच हप्ते राहिलेत, हे मला माहीतच नव्हतं.”

“झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,” बायको बेरीज मारत म्हणाली. “आपली अर्धी उघडली तर एक लाख बेचाळीस हजारांची निघाली.”

डॉक्टरला हसू आलं आणि लगेच आपण हसलो याची लाज वाटली. तीही हसली होती, पण डोळे पुसत. मग तिने ओरडून घेतलं, कबूल केल्याप्रमाणे. पैशांवरून नाही. “मी चाळीस थर कापते रोज,” ती म्हणाली. “आणि माझ्या घरात एक कागद तू माझ्यापासून लपवतोस? मला काय कचकड्याची बाहुली समजलास?” “चुकलं माझं,” तो म्हणाला.

सातवं पाकीट पतसंस्थेचं होतं. वाचून डॉक्टरने ते बायकोपुढे धरलं. हप्ते थकल्यामुळे रक्कम जामीनदाराच्या पगारातून कापण्यात येईल, असं त्यात होतं. चिठ्ठीवरची तारीख अडीच महिन्यांपूर्वीची. पुढच्या पाकिटात तसं कापल्याचं पत्र होतं. त्याच्या पुढच्यातही. चार आणि चार, आठ हजार.

“ताईंनी काहीच कसं नाही सांगितलं?” बायकोने विचारलं.

डॉक्टरला आठवली ती इस्त्री. दोन महिन्यांपूर्वी ताई दुकानात इस्त्री घेऊन आली होती. त्याने उघडून बघितली, आतली कॉईल गेली होती, किती होतील ते सांगितलं. ताई म्हणाली, “पुढच्या महिन्यात करू, घाई नाही.” तो म्हणाला, पैसे राहू दे गं, तर तिने त्याला झापलं होतं, “दुकान मालकाचं आहे, तुझ्या बापाचं नाही. आणि तुझा बाप कोण ते मला चांगलं माहीत आहे.” इस्त्री चिठ्ठी लावून फळीवर गेली. आणि गेल्या आठवड्यात ताई भाचीला बघायला आली, तेव्हा तिच्या गणवेशाच्या बाहीला घडी नव्हती. जिच्या बाहीच्या घडीने बोट कापेल असं डेपोतले लोक म्हणायचे, त्या ताईचा सदरा चुरगळलेला होता, आणि त्याने ते बघून न बघितल्यासारखं केलं होतं. ती तिकडे गप्प, हा इकडे गप्प. अळीमिळी गुपचिळी.

तो उठला. “दुकानाची किल्ली माझ्याकडे आहे. इस्त्री करतो आणि ताईकडे जाऊन येतो.”

“आम्हीपण येतो.”

“नको. हे माझं मी निस्तरतो.”

“एकट्याने लपवलंस तेवढं पुरे झालं,” बायको म्हणाली आणि मुलीला कडेवर घेतलं. “तिघं जाऊ.”

कॉईलचे आणि मजुरीचे पैसे त्याने मालकाच्या गल्ल्यात टाकले, वहीत लिहिलं, आणि ऊन उतरता उतरता ते ताईच्या खोलीवर पोचले. ताई गादी उचलून तिच्याखाली सदरा पसरत होती, सकाळपर्यंत घडी बसावी म्हणून. इस्त्री बघून ती थबकली. डॉक्टरने बसायची वाट बघितली नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. अकरा पाकिटं, चिठ्ठ्या, मशीन, फोन, गाडी, आठ हजार. एकही गोष्ट त्याने गुळमुळीत केली नाही. बायको बाजूला उभी होती आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा आपला नवरा उंच वाटला.

ताईने ऐकून घेतलं. मग गादी खाली टाकली.

“पतसंस्थेतल्या साहेबाने मला बोलावून घेतलं होतं,” ती म्हणाली. “म्हणाला, बाई, तुमचा भाऊ तुम्हाला बुडवतोय. मी म्हटलं, माझा भाऊ बुडवणारा नाही. अडकला असेल. येईल आपणहून सांगायला.” तिने इस्त्री त्याच्या हातातून काढून घेतली. “दोन महिने झाले, गाढवा. दोन महिने मी दाराकडे बघतेय.”

डॉक्टर रडला. त्यात सांगायला लाज वाटावी असं काही नाही. ताईने त्याच्या डोक्यात एक टपली मारली, मुलीला आपल्याकडे घेतलं आणि इस्त्रीचा प्लग लावून बघितला. “तापतेय,” म्हणाली. “पैसे किती झाले?”

“ते मी भरले.”

“ठीक आहे,” ताई म्हणाली, आणि या वेळी वाद घातला नाही.

त्या आठवड्यात मोटरसायकल विकली गेली. ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी डॉक्टरला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला, पण जेवण गोड लागलं. गाडीचं उरलेलं कर्ज फेडून जे पैसे हातात आले त्यातून त्याने पहिल्यांदा आठ हजार वेगळे काढले. नवा फोनही विकला, आणि बाळाचे फोटो परत बायकोच्या जुन्या फोनवर येऊ लागले. मशीन ठेवायचं ठरलं, कारण चार हप्त्यांसाठी ते विकणं म्हणजे कापड कापून झाल्यावर माप घेणं, असं कटरबाईंचं मत पडलं.

पतसंस्थेत तिघं गेली. डॉक्टरने साहेबांच्या टेबलासमोरच ताईच्या हातात आठ हजार ठेवले. ताई नको म्हणाली असती तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. तिने ते घेतले, अंगठा ओला करून मोजले, कंडक्टरच्या सवयीने नोटांची तोंडं एका बाजूला केली आणि पर्समध्ये टाकले. मग बायकोने आपला कागद पुढे केला. दोघांचे पगार, खर्च, आणि दर महिन्याला झेपेल असा हप्ता, सगळं आखून. साहेबांनी चष्मा वर करून तो दोनदा वाचला.

“हप्ता लहान करून मुदत वाढवता येईल,” ते म्हणाले. “पण जामीनदाराची नवी सही लागेल.” आणि ताईकडे बघून, “बाई, एकदा हात पोळलेत तुमचे. परत सही करणार?”

“करणार. पण गेल्या वेळी न वाचता केली, या वेळी वाचून करते,” ताई म्हणाली. ती ओळीवर बोट ठेवून चारही पानं वाचत बसली, आणि साहेबांना चहा गार होईपर्यंत थांबावं लागलं. मग तिने सही केली. खाली बायकोने केली. डॉक्टरने सगळ्यांत शेवटी, पूर्ण नावाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बसथांब्यावर उभा राहिला. आली ती ताईचीच बस, आणि तो चढला. लहानपणी शाळेला जाताना तो याच बसच्या शेवटच्या बाकावर बसायचा आणि वर्गात फुशारकी मारायचा, माझ्या ताईची बस आहे, मला फुकट. ताई रोज त्याचं तिकीट स्वतःच्या पैशातून काढत होती, हे त्याला कळायला बरीच वर्षं लागली होती.

ताई गर्दीतून वाट काढत आली. बाहीला घडी अशी कडक की बोट कापावं. त्याने मोजून आणलेले सुटे पैसे पुढे केले. ताईने ते बघितले, त्याच्याकडे बघितलं, पैसे चामड्याच्या पिशवीत टाकले आणि तिकीट फाडून त्याच्या हातात ठेवलं.

शेजारच्या बाकावर एक रोजची प्रवासी होती. तिने दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून विचारलं, “ओळखीचा आहे वाटतं?”

“सख्खा भाऊ आहे माझा,” ताई म्हणाली, अख्ख्या बसला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “तिकीट काढून बसतो.”