प्लेटवरचा पांढरा डाग

बैलानं मान झटकली आणि शिंगावरची पितळी शेंबी द्वारकीच्या उजव्या डोळ्याखाली बसली, त्याला आज बारावा दिवस. वरून डोळा साबूत दिसत होता. पण वर बघितलं की पोरीला एकाचे दोन दिसत आणि पोटात ढवळून येई. सोनारीच्या काळभैरवाचा शेंदूर झाला, परंड्याच्या हकिमाचा लेप झाला. शेवटी सारजाबाई लेकीला घेऊन निजामाची हद्द ओलांडून सोलापूरच्या दवाखान्यात आली.

"आये, डॉक्टर दोन हायेत," द्वारकी पुटपुटली.

"असू दे. दोघांतल्या एकाचा तरी गुण येईल."

डॉक्टर मल्लिकार्जुन हसले नाहीत. डोळ्याच्या खोबणीचा तळ कागदासारखा पातळ असतो, ते म्हणाले. तो फुटून डोळा फिरवणारा स्नायू फटीत अडकला असावा. क्ष-किरणांच्या फोटोत हाड दिसलं, तर सोडवता येईल. पण दोन आठवड्यांच्या आत. पुढं तो तिथंच चिकटतो. महायुद्ध संपून वर्ष झालं तरी या फोटोच्या प्लेटांची टंचाई होती. कपाटात दोनच उरल्या होत्या.

द्वारकीनं प्लेटच्या चौकटीवर नाक आणि हनुवटी टेकवली. यंत्र घरघरलं.

तासाभरानं डॉक्टरांनी ओली प्लेट उजेडासमोर धरली. हाड दिसायचं तिथं पांढराशुभ्र डाग.

"शेंबीचा टवका उडाला होता का?"

"न्हाय ठावं, साहेब."

"हा धातू आहे. आत रुतला असेल तर डोळा काढावा लागेल. नाहीतर दुसराही जाईल."

सारजाबाई प्लेटजवळ सरकली. तिनं पुन्हा त्या डागाकडं पाहिलं. तो वर रुंद, खाली निमुळता होता, अंगठ्यानं ओढल्यासारखा. तिनं आपला अंगठा पदरात लपवला.

सकाळी नर्सनं जखम धुऊन पट्टी बांधली होती. यंत्राच्या खोलीबाहेर बसल्यावर मात्र सारजाबाईला राहवलं नाही. एकवीस दिवस खंड पडू द्यायचा नाही, असं सोनारीच्या पुजाऱ्यानं बजावलं होतं. पट्टी उचलून तिनं शेंदराचा जाड थर दिला होता.

"साहेब... शेंदूर हाय त्यो. म्याच लावला."

डॉक्टरांनी पट्टी सोडली. "शेंदरात शिसं असतं, बाई. त्यातनं किरण जात नाहीत. आता एकच प्लेट आहे."

सारजाबाईनं स्वतःच्या हातानं शेंदूर पुसला. आधी तेलानं, मग साबणाच्या पाण्यानं, जखमेच्या कडांतून कणकण. ओठ हलत होते: भैरोबा, घ्यायचे तर माझे दोन्ही डोळे घे.

दुसऱ्या प्लेटवर डाग नव्हता. खोबणीच्या तळाची रेघ मधेच तुटली होती आणि तिच्याखाली काहीतरी थेंबासारखं लोंबत होतं.

"हेच अडकलंय. धातू नाही. डोळा राहील."

"अन् दोन दिसायचं?"

"उद्या सकाळी खोबण उघडून स्नायू सोडवतो. तेरावा दिवस असेल. आज सांगता येत नाही."

नळाखाली तिनं अंगठा कितीदा घासला, पण नखातला लाल रंग निघेना.

"आये, देव रागवंल का?"

"रागवू दे. तू खाली बघ, बाय. उद्यापातूर वर बघूच नगंस."