उम्म शुक्रीची काचेची टाकी

वगीह अलेक्झांड्रियाच्या ट्राम कारखान्यात फिटर होता; लोक त्याला उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणत. दिवसभर लोखंडावर लोखंड आपटलेलं ऐकून घरी आल्यावर त्याला काहीतरी मुकं, शांत बघायला हवं असायचं. बहरी मोहल्ल्यातली एक म्हातारी काचेची मोठी जुनी टाकी विकतेय असं कळल्यावर तो बायकोला, इन्शिराहला घेऊन तिथे गेला.

टाकी माणसाहून लांब होती. आत दोन ऑस्कर मासे, पंज्याहून मोठे, काळ्या अंगावर निखाऱ्यासारखे डाग.

"माझ्या शुक्रीनं बोटाएवढे होते तेव्हापासून वाढवलेत," म्हातारी म्हणाली. तिला सगळे उम्म शुक्री, म्हणजे शुक्रीची आई, म्हणत. "पण बादल्या उचलून माझे गुडघे गेले. घेऊन जा."

"आणि शुक्री?" इन्शिराहनं विचारलं.

"तो बाहेरगावी असतो."

कुठल्या गावी, ते तिनं सांगितलं नाही आणि वगीहनं विचारलं नाही. त्याचं सगळं लक्ष टाकीत होतं.

धाकटा मासा जाळीत आला. मोठा मात्र जाळीत मावेना. वगीहनं हात घातला तर त्यानं बोटाची सालच काढली. शेवटी त्याला बादलीत हाकलून बाहेर काढलं. वगीह आणि कारखान्यातले तिघे जिन्यातून टाकी उतरवत असताना एकाचा पाय घसरला आणि वगीहच्या सोबत्याचा, गाबिरचा हात भिंत आणि काचेमध्ये चिरडला. नख मुळापासून निघालं. तरी तो तसाच धरून उभा राहिला, वगीहला त्याच्या सात पिढ्यांवरून शिव्या देत. हात सोडला असता तर खालच्या दोघांच्या छातीवर टाकी गेली असती.

घरी वगीहनं जाड भिंतीला लागून लोखंडी स्टँड जोडला, त्याच्यावर थर्माकोल अंथरला, चारी कोपऱ्यांचं जुनं सिलिकॉन खरवडून नवं भरलं. ते सुकेपर्यंत मासे न्हाणीघरात पिंपांत होते. फिल्टरचे स्पंज, दगड, वाळू, सगळं त्यानं नळाखाली घासघासून चकचकीत केलं. जुने दगड काढून बाल्कनीत ठेवले आणि नवे पांढरे आणले.

"माझी भांडी कधी अशी घासली नाहीस," इन्शिराह म्हणाली.

"तुझी भांडी बघायला लोक येतात का?"

टाकी भरली. गळाली नाही. पण मासे आत सोडले आणि घरातली शांतता गेली. मोठ्यानं धाकट्याचा जबडा तोंडात धरून त्याला काचेवर आपटायला सुरुवात केली. आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू यायचा. मध्ये घालायला काच कापून आणेपर्यंत धाकट्याचा एक डोळा गेला होता आणि शेपटीच्या जागी पांढरी काडी उरली होती. दुसऱ्या दिवशी तो मेला, तरी मोठा मधल्या काचेवर धडका देत राहिला. वगीहनं मेलेला मासा कागदात गुंडाळून टाकला आणि त्या दिवशी जेवला नाही.

पुढच्या शुक्रवारी दुपारी दोघं तळलेले मासे आणि भात खात बसले होते. दार वाजलं. बाहेर एक उंच माणूस उभा होता, हातात पाण्याच्या नळाचा लोखंडी पाइप.

"माझी टाकी कुठाय?"

"तू कोण?"

"उम्म शुक्रीचा शुक्री."

"बाहेरगावाहून आलास होय?" इन्शिराह म्हणाली.

"तुरुंगातून." मासळीच्या लिलावाच्या धक्क्यावर त्यानं एकाच्या पोटात सुरी घातली होती, ते त्यांना नंतर कळलं. तो वगीहला ढकलून आत आला आणि टाकीपुढे थांबला. "दुसरा कुठाय?"

"मेला. या मोठ्यानंच मारला."

"नऊ वर्षं एकत्र होते ते. आपापल्या दगडामागे राहायचे. त्यांचे दगड काय केलेस?"

"घासून ठेवलेत बाहेर. भाऊ, मी रीतसर विकत घेतलीय. आईला विचार तुझ्या."

शुक्रीनं पाइप फिरवला. तो वगीहच्या खांद्यावर बसला आणि हात लोंबकळला. वगीहही काही गरीब गाय नव्हता. त्यानं डोकं खाली घालून धडक मारली, शुक्रीचं नाक फुटलं. दोघं जेवणाच्या ताटावर पडले, उठले, पुन्हा एकमेकांचा गळा धरला. शुक्रीनं पाइप पुन्हा उगारला. वगीह वाकला आणि घाव टाकीवर बसला.

समोरची काच सबंध निघून आली. त्या पाण्यानं दोघांनाही आडवं केलं. काचेनं वगीहच्या दंडापासून मनगटापर्यंत मांस उघडं पडलं होतं आणि रक्त उसळ्या मारत बाहेर येत होतं. खोलीभर लाल पाणी. सोफ्याखाली मासा तडफडत होता.

शुक्री पाइप घेऊन उठला. ते रक्त पाहिलं आणि पाइप टाकला. कमरेचा पट्टा काढून तो वगीहच्या छातीवर गुडघा देऊन बसला.

इन्शिराहला वाटलं, हा आता गळा आवळतोय. तिनं पितळी बत्ता उचलला आणि त्याच्या पाठीत घालायला लागली. एकदा, दोनदा, मग मोजलंच नाही. त्यानं तिच्यावर हात उचलला नाही. पट्टा खांद्याजवळ आवळत फक्त म्हणाला, "बाई, आधी बांधू दे. मग मार." आणि वगीहला, "हलू नकोस, गाढवा."

मग त्यानंच वगीहला पाठीवर घेतलं आणि तीन जिने उतरून इस्पितळात नेलं. तिथेच पोलिसांनी त्याला धरलं.

उम्म शुक्री इस्पितळाच्या फाटकात इन्शिराहला भेटली. "काच आपोआप फुटली म्हणा. मी पाया पडते."

"आणि माझ्या नवऱ्याचा हात?"

म्हातारी फाटकातून निघून गेली.

वगीहनं जबानीत सगळं सांगितलं. पाइप सांगितला, खांदा सांगितला, पट्टाही सांगितला. "याच्यामुळेच मरायला टेकलो आणि याच्यामुळेच वाचलो. दोन्ही लिहा," तो म्हणाला. बत्त्याचं त्याला माहीतच नव्हतं, तो शुद्धीत नव्हता. ते इन्शिराहनं स्वतः उठून सांगितलं. हवालदार म्हणाला, "बाई, तुझ्यावर येईल हे." ती म्हणाली, "येऊ दे."

तिच्यावर काही आलं नाही. शुक्रीची शिक्षा पट्ट्यामुळे कमी झाली, पण झालीच. वगीहची तीन बोटं कायमची बधिर झाली. कारखान्यातून त्याला तिकीट खिडकीवर बसवलं. उम्म शुक्री अजून बाजारात इन्शिराहला पाहिलं की तोंड फिरवते. इन्शिराह मात्र ईदच्या आदल्या दिवशी तुरुंगाच्या दारात शुक्रीसाठी खाऱ्या मासळीचा डबा देऊन येते. वगीहला ते ठाऊक आहे.