हरवलेले नऊ पंप

स्वानंद साहेबांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि चंद्रभानकाकांना दोन दिवसांत लेखी खुलासा द्यायला सांगितलं. साहेब म्हणजे रामदासपेठेतल्या त्या इस्पितळाचे प्रशासक. रुग्णाच्या शिरेत ठरावीक वेगानं औषध सोडणारे चाळीस पंप इस्पितळानं घेतले होते आणि मी बनवलेल्या नव्या कम्प्युटर यादीत एकतीसच दिसत होते. उरलेले नऊ कुठे गेले ते काकांनी सांगायचं, कारण पंप सांभाळायचं काम त्यांचं. ते महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. सत्तावीस वर्षांच्या नोकरीतला हा त्यांचा पहिला मेमो.

मी शेजारीच लॅपटॉप उघडून बसले होते. खोटं कशाला बोलू, मी मनातून फुशारले होते. सावनेरहून नागपूरला येऊन एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी धरली, त्याला जेमतेम आठ महिने झाले होते आणि पहिल्याच मोठ्या कामात माझ्या प्रोग्रॅमनं चोरी पकडली होती.

काकांची पद्धत मी पहिल्या दिवशीच पाहिली होती. प्रत्येक पंपावर ते पांढरी चिकटपट्टी लावत आणि तिच्यावर पेननं नंबर आणि त्या पंपाची खोड लिहीत. एकावर ‘बटन दोनदा दाबा’, दुसऱ्यावर ‘बॅटरी अर्धा तासच’. गेल्या महिन्यात तपासणीचं पथक येणार होतं, म्हणून घाण दिसते असं सांगून साहेबांनी सगळ्या पट्ट्या काढायला लावल्या. पंपांच्या पाठीवरचे कंपनीचे नंबर तर रोज स्पिरिटनं पुसून पुसून कधीच उडाले होते. त्यामुळे काकांनी मला चाळीस ओळींचा कागद आणून दिला, त्यात फक्त कंपनी, साल, मजला, बॅटरी आणि चालू की बंद एवढंच होतं. काही ओळी अगदी सारख्या होत्या. म्हातारा तेच तेच लिहितो, असं म्हणून मी हसलेही होते.

दुपारी काका माझ्याकडे आले. भांडतील असं वाटलं होतं, पण आवाज नेहमीचाच होता. “जरा माह्यासंगं तिसऱ्या माळ्यावर चाल बेटा,” एवढंच म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावर शेजारशेजारच्या दोन खाटांवर एक म्हातारी आणि एक तरुण माणूस होता. दोघांच्या उशाशी एकेक पंप चालू होता. तीच कंपनी, तेच साल, दोन्हींची बॅटरी पूर्ण. काकांनी मला लॅपटॉपवर ते दोन्ही शोधायला सांगितले. शोधले, तर एकच सापडला.

“दोन्ही अगदी सारखे आहेत ना, काका,” मी म्हणाले.

“सारखे आहेत. पण एकच आहेत का?” ते खालच्या आवाजात म्हणाले. “हा या बाईले औषध देऊन राहिला, तो त्याले. तुह्या यादीत एकच ठेवला. मंग सांग, कोणाचं औषध बंद करू?”

कॉलेजात पाठ केलेलं उत्तर शब्दन् शब्द आठवलं. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक ऑब्जेक्टला, म्हणजे वस्तूला, तीन गोष्टी असतात: अवस्था, वर्तन आणि ओळख. पंपाची अवस्था म्हणजे बॅटरी किती, चालू की बंद. वर्तन म्हणजे तो काय करतो, औषध सोडतो, नळी अडली की ओरडतो. हे सगळं मी मन लावून लिहिलं होतं. ओळख मात्र मी वेगळी ठेवलीच नव्हती. सगळा तपशील जुळला की वस्तू तीच, असं गृहीत धरून दुबार ओळी गाळायला कम्प्युटरला मीच सांगितलं होतं. याच प्रश्नाला परीक्षेत मला पैकीच्या पैकी गुण होते. चिकटपट्टीवर पेननं नंबर टाकणाऱ्या या माणसाला जे रोज कळत होतं, ते मला कळलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. प्रत्येक पंपाला स्वतःचा क्रमांक दिला आणि यादीत चाळीस आले. मग काकांना घेऊन मी साहेबांकडे गेले आणि तांत्रिक अडचण होती, आता दूर झाली असं सांगितलं. आमच्या कंपनीचं नाव खराब व्हायला नको आणि माझी नोकरीही नवीन, एवढा विचार माझ्या डोक्यात होता. साहेबांना बरंच वाटलं. विषय संपला म्हणून त्यांनी काकांना जायला सांगितलं.

काका जागचे हलले नाहीत.

“साहेब, मेमोवर माहं नाव आहे. अडचणीवर कोणाचं नाव आहे?”

साहेब म्हणाले, अहो, आता कशाला वाढवता, तुमच्यावर कोणाचा संशय नाही. काका उभेच राहिले. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी कदाचित मान खाली घालून बसले असते. मी साहेबांकडे कोरा कागद मागितला.

लिहिलं की यादीतली चूक माझी आहे, पंप चाळीसच होते आणि चंद्रभानकाकांचा यात काहीही दोष नाही. ते वाचून काकांनी ‘काका’वर बोट ठेवलं आणि पूर्ण नाव लिहायला सांगितलं. मी खोडून चंद्रभान नत्थूजी मेश्राम लिहिलं आणि खाली माझी सही केली. घरी दाखवायला त्याची झेरॉक्स काढून देऊ का, असं मी विचारलं.

“मले कायले पाहिजे? मले तं माहीत आहे,” ते म्हणाले. “मी महिन्याभरात जातो. फाईल इथंच राहते.”

नोकरांच्या फायली सांभाळणाऱ्या आस्थापनेच्या बाबूकडे ते स्वतः कागद घेऊन गेले. बाबूनं तो मेमोच्या मागे टाचला आणि शिक्का मारला. शिक्का जरा पुसट उठला होता. काकांनी फाईल खिडकीशी नेऊन पाहिली आणि परत आणून त्याच्यापुढे ठेवली, आणखी एकदा मारायला.