हलत्या माणसांची किल्ली

मागच्या चाचणीत तुम्हीच हरवलंत झोर्नित्साला, अध्यक्षमहाराज, आणि वर अहवाल लिहिलात – हवेतलं बोलणं हवेतच चोरीला जाणार!

टेबलावरची अँटेना करंगळीएवढी. झोर्नित्सा तिच्याकडे टक लावून बसली होती... इथून खिडकीजवळच्या अँटेनेकडे रेडिओलहर जाते, भिंतींवर, कपाटांवर, माणसांच्या अंगांवर आपटत, चढत-उतरत. तोच चढउतार दोन्ही टोकांना ऐकू येतो, त्यातून दोन्ही अँटेना आपापल्या जागी एकच किल्ली घडवतात, बोलणं कुलूपबंद करायची – किल्ली हवेतून जातच नाही, चोरणार काय कपाळ? हातभर बाजूला बसलेल्या चोराला ऐकू येतो तो चढउतार निराळाच. पण तुम्ही शिस्त म्हणून सगळ्यांना पुतळे करून बसवलंत. खोली गोठली, चढउतार मेला, किल्ली सपाट झाली आणि चोर म्हणून बसवलेल्या तुमच्या कामेननं ती सहज ओळखली.

आज हरली तर तिची प्रयोगशाळा बंद. पुन्हा सगळे पुतळे... लहानपणी आई स्वयंपाकघरात नळ सोडून बोलायची, भिंतीपलीकडच्या कानांसाठी – ते कान कुणाचे, हे वार्नात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत मात्र कुणी नव्हतं –

"काय गं, सुतकात बसल्यासारखी! घे!"

नाकाखाली चॉकलेटचा डबा. म्हातारे तंत्रज्ञ स्पिरिदोनकाका. आज त्यांच्या नावाच्या संताचा दिवस.

"काका, चाचणी चालू आहे! बसा ना!"

"संताला सांगू, उद्या ये म्हणून? ज्याचा दिवस त्यानं वाटायचं, पोरी. कामेन, ऊठ की रे! बसल्या बसल्या शुभेच्छा देतात? कुणी शिकवलं तुला?"

कामेन उठला. मग समितीही उठली. मिठ्या, गालांचे मुके, खुर्च्यांची खरखर – आणि पडद्यावरची चढउताराची मेलेली रेघ उसळली, कोसळली, पुन्हा उसळली... किल्ली भरत गेली, दोन्ही टोकांना अगदी तीच.

कामेननं आपली ताडून पाहिली. "शून्य-एकातले निम्मे आकडे चुकले," चॉकलेट गिळत तो म्हणाला, "नाणं उडवलं असतं तरी एवढंच जमलं असतं."

जिंकली! बाई, जिंकलीस!

"ही चाचणी धरता येणार नाही," ओठ पुसत तुम्ही म्हणालात. "माणसं हलली. पुन्हा शांत बसून घेऊ."

मागच्या वेळी मुकाट म्हटलेलं 'बरं' तिनं घशात शोधलं. तिथे ते नव्हतंच. होता नुसता आनंद – भलामोठा, लख्ख, चावरा.

"घेऊ की," ती म्हणाली, "पण आधी सांगा, अध्यक्षमहाराज, माणसं हलत नाहीत अशी जागा या गावात दफनभूमी सोडून कुठे आहे? आणि मेलेल्यांचं बोलणं चोरायला कोण येतंय? घड्याळ काय बघता? उत्तर द्या."